आंबा, सफरचंद आणि द्राक्षं एकाच झाडावर?

एकाच बुंध्यावर आंबे, सफरचंदं, केळी, द्राक्षं लगडल्याचं चित्र मोबाइलवर अधूनमधून येतं. असं झाड नाही. पण त्यातली अर्धी कल्पना खरी आहे! अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातले कलेचे प्राध्यापक सॅम व्हॅन एकन यांनी 2008 पासून कलमं बांधत एकाच झाडावर 40 प्रकारची फळं आणायचं काम हाती घेतलं. पीच, प्लम, जर्दाळू, चेरी, बदाम. सगळी प्रूनस या एकाच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या नात्यातली.

मग त्यात आंबा का नाही? उत्तर सालीखाली आहे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियम नावाचा पेशींचा अगदी पातळ थर असतो. तो आतल्या अंगाला पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या घडवतो, बाहेरच्या अंगाला साखर वाहणाऱ्या रसवाहिन्या. कलमात खुंटाचा (खालच्या मुळं असलेल्या झाडाचा) आणि काडीचा (वर जोडायच्या फांदीचा) कँबियम एकमेकांना भिडावा लागतो. म्हणूनच काडी बारीक असेल तर ती मधोमध न बसवता एका कडेला सरकवतात. कापलेल्या जागेजवळच्या पेशी भराभर विभागतात, त्यांचा मऊ गोळा, म्हणजे कॅलस, फट बुजवतो. इथवर कधीकधी परक्या कुळातली काडीही मजल मारते. खरी परीक्षा पुढे असते. काडीतून ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि ते जिथून वाहतं तिथल्या कॅलसपेशींच्या वाहिन्या बनू लागतात. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या चिमुकल्या वनस्पतीत रसवाहिन्या साधारण 3 दिवसांत जुळतात, जलवाहिन्यांना आठवडाभर लागतो. तोवर काडी अंगच्या ओलाव्यावर तग धरते, म्हणून जोड घट्ट बांधून झाकायचा.

आंबा काजूच्या कुळातला, सफरचंद गुलाबाच्या, द्राक्षाचं कूळ तिसरंच. इतक्या दूरच्या नात्यात वाहिन्या सहसा जुळत नाहीत. केळीत तर कँबियमच नसतो.

अशा झाडाचं ‘बी’ विकणारे सरळसरळ फसवतात. 40 फळांच्या झाडाचं बी पेरलं तरी 40 फळं येणार नाहीत, कारण कलमाचा जोड बियांत उतरत नाही. प्रत्येक फांदी आपापली जनुकं सांभाळून असते, चेरीच्या फांदीला चेरीच लागते.

माझ्या मनातलं झाड साधं आहे. मुळं रोगाला दाद न देणारी, वर सफरचंदाचे तीन वाण, एकामागून एक पिकणारे. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना फळ धरायला दुसऱ्या वाणाचे परागकण लागतात. त्यांचे बहर एकाच वेळी आले, तर मधमाशीला ते शेजारच्याच फांदीवर मिळतील.