टीटीचं रबर: आधी वाळवा, मग चिकटवा

“फेव्हिकॉलनं रबर चिकटवलं तर चालतं का?” साताऱ्यात मूल टेबल टेनिसमध्ये जरा रमलं, तयार बॅट सोडून ब्लेड वेगळं आणि रबरं वेगळी घ्यायची वेळ आली, की पालक हे विचारतातच. प्रश्न रास्त आहे. ब्लेड लाकडाचं, आणि लाकडाला घरोघरी फेव्हिकॉलच लावतात. टीटीचा खास ग्लूही तसाच पांढरा आणि घट्टसर असतो. मग एवढ्याशा बाटलीला जास्त पैसे का मोजायचे?

कारण वाळल्यावर मागे काय उरतं, यात दोघांचा फरक आहे. फेव्हिकॉलमध्ये पॉलिव्हिनाइल ॲसिटेट असतं. शुद्ध स्वरूपात ते साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या खाली ताठ होतं. टीटीच्या ग्लूमध्ये बहुतेक वेळा नैसर्गिक रबराचा चीक असतो, आणि हे रबर उणे ७० अंशांच्या आसपास जाईपर्यंत लवचीक राहतं. चेंडू बॅटवर जेमतेम एक सहस्रांश सेकंद टेकतो. तेवढ्यात रबराच्या आतल्या बाजूचा, ब्लेडला चिकटणारा स्पंज दबून पुन्हा उसळायचा असतो, त्यामुळे खालचा ग्लूचा थरही त्याच्याबरोबर लवला पाहिजे. शिवाय रबर काही महिन्यांनी बदलावं लागतं. लाकडाच्या धाग्यांत शिरून ताठ झालेला फेव्हिकॉल सोडवताना एकतर स्पंज फाटतो, नाहीतर ब्लेडचा वरचा पातळ पापुद्रा निघून येतो.

दुसरा सल्ला मिळतो तो सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनचा. त्याला इतिहास आहे. १९७०च्या दशकात युरोपातल्या खेळाडूंना असल्या सोल्यूशननं चेंडू भलताच वेगानं जातो हे कळलं. युगोस्लाव्हियाचा द्रागुतिन शुर्बेक आणि हंगेरीचा तिबोर क्लाम्पार यांची नावं या संदर्भात घेतली जातात. त्यातला टोल्युइनसारखा द्रावक स्पंजात शिरतो आणि स्पंज फुगतो. फुगलेल्या अवस्थेत तो ब्लेडला चिकटवला की द्रावक उडून गेल्यावर त्याला आकसायचं असतं, पण ग्लू आकसू देत नाही. सगळं रबर ताणलेलं राहतं. हाच ‘स्पीड ग्लू’. परिणाम काही तासच टिकायचा, म्हणून खेळाडू सामन्याआधी पुन्हा पुन्हा ग्लू लावत आणि ही वाफ त्यांच्या नाकात जाई. टोल्युइनची वाफ मज्जासंस्थेला घातक आहे. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघानं १ सप्टेंबर २००८ पासून अशा उडून जाणाऱ्या सेंद्रिय द्रावकांच्या ग्लूवर बंदी आणली, ती योग्यच होती. मुलांच्या हातात हे सोल्यूशन देऊ नका.

राहतो पाण्याचा ग्लू, म्हणजे टीटीचा तो खास पांढरा ग्लू. तो वाळतो कसा हे समजलं की निवडही सोपी होते, आणि मला तर या सगळ्या खेळसाहित्यात याहून सुंदर गोष्ट दिसत नाही.

बाटलीतल्या पाण्यात रबराचे गोल कण तरंगत असतात, बहुतेक एक मायक्रोमीटरहून लहान. प्रत्येक कणात रबराच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता असतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर साबणासारखे रेणू असतात. नैसर्गिक चिकात अमोनियाही घालतात, बाटली उघडताच त्याचाच वास येतो. कण आणि पाणी यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं प्रमाण, वेगळा, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि ग्लू पांढरा दिसतो.

थर पसरला की पाणी उडू लागतं आणि कण जवळ येतात. शेवटी पाणी फक्त कणांमधल्या फटींत उरतं. तिथे त्याचा पृष्ठभाग आत वळलेला असतो, आणि वळलेला पृष्ठभाग म्हणजे दाब. हिशेब करून पाहा: दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले वक्रतेची त्रिज्या. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर, त्रिज्या ०.१ मायक्रोमीटर धरली तर उत्तर येतं सुमारे १४ लाख पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या १४ पट. साबणी रेणूंमुळे तो निम्म्यावर आला, तरी ७ पट उरतोच. एवढा दाब आल्यावर मऊ कण गोल राहूच शकत नाहीत. ते चेपतात, फटी भरून काढतात, षट्कोनी-बहुकोनी होतात. विखुरायला फटीच उरत नाहीत, म्हणून थर पारदर्शक होतो.

पण या क्षणी तो बुंदीचा लाडू असतो: कण घट्ट खेटलेले, तरी वेगवेगळे. खरा जोड यानंतर होतो. एका कणातल्या साखळ्या वळवळत शेजारच्या कणात शिरतात, आणि हळूहळू सीमाच पुसली जाते. नेमकं हेच पुढे ब्लेडवरचा वाळलेला थर आणि स्पंजावरचा वाळलेला थर एकमेकांवर टेकवल्यावर घडतं. म्हणून ग्लू दोन्हीकडे लावायचा आणि दोन्हीकडे पूर्ण वाळवायचा. ओला असताना चिकटवला तर पाणी मध्येच कोंडतं, लाकूड ते पितं, आणि साखळ्यांना एकमेकींत शिरायला जागाच मिळत नाही. पांढुरका ठिपका दिसतोय तोवर थांबा.

किती थांबायचं हे हवा ठरवते. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माणमध्ये ५००च्या आसपास. माणमधल्या दहिवडीत उन्हाळ्यात काही मिनिटांत वाळणारा थर श्रावणात महाबळेश्वरात तासभर ओला राहू शकतो. पंखा लावा. हेअर ड्रायर नको. वर साय धरते आणि पाणी खाली अडकतं. अमावस्येला लावलेलं रबर सुटतं असंही इकडे ऐकलं आहे. रबर सुटण्याचं कारण हवेतल्या पाण्यात असतं, तिथीत नसतं, आणि पुढच्या पिढीच्या खेळाडूंना तरी हे स्पष्ट सांगायला हवं.

तसाच ‘हा ग्लू लावला की वेग वाढतो’ हा जाहिरातीचा दावा. पाणी रबरात मुरत नाही, त्यामुळे त्यानं स्पंज फुगत नाही. वेग रबरातून, ब्लेडमधून आणि मनगटातून येतो. थरावर थर चढवून वजन तेवढं वाढतं: रबराचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर ०.०५ मिलिमीटरच्या वाळलेल्या थराचं वजन साधारण १ ग्रॅम. शिवाय नियमानुसार स्पंजाच्या रबराची जाडी ग्लूसकट ४ मिलिमीटरच्या आत हवी, स्पर्धेत ती मोजतात. स्पंजाला छिद्रं असतात, तो ग्लू पितो, म्हणून त्याच्यावर गरज पडली तर दोन पातळ हात. ब्लेडवर एक पुरे. मग मुठीच्या बाजूनं वर लाटणं फिरवत टेकवत न्या, म्हणजे हवा अडकत नाही.

काढताना रबर मुठीकडून, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं सावकाश सोलायचं. ग्लूचा थर अंगठ्यानं चोळला की अख्खा पापुद्रा सुटून येतो. ब्लेडच्या कुसळ्या निघत असतील तर पुढच्या वेळी आधी वॉर्निशचा एकच पातळ हात द्या.

आता दुकानात बाटली कशी पारखायची: हलवून पाहा. आत गुठळ्या जाणवल्या तर घेऊ नका, अर्ध्या किमतीत मिळाली तरी. गुठळी म्हणजे बाटलीतच एकमेकांत मिसळून गेलेले कण. पाणी घालून ते पुन्हा सुटे होत नाहीत.