बसलेला आवाज काय सांगतो?

स्वरयंत्र बोलण्यासाठी घडलेलं नाही. त्याचं पहिलं काम राखणदारीचं. फुप्फुसमासे बोलत नाहीत, तरी त्यांच्या फुप्फुसाच्या तोंडाशी आवळून बंद होणारं स्नायूंचं कडं असतं, पाणी आत शिरू नये म्हणून. आपल्या गळ्यातलं यंत्र हे त्या राखणदाराचंच पुढचं रूप.

राखण लागते, कारण घशाच्या मागच्या पोकळीत, म्हणजे ग्रसनीत, हवा आणि घास एकाच वाटेने येतात. खाली त्या वाटेला दोन फाटे फुटतात: पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. श्वासनलिकेच्या माथ्यावर स्वरयंत्र बसलेलं असतं. गळ्यावरच्या घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळून पाहा. घाटी वर उचलली जाते. त्याच क्षणी जिभेच्या मुळाशी असलेलं एपिग्लॉटिस नावाचं पान मागे झुकतं, आत स्वरतंतू मिटतात आणि श्वास पळभर थांबतो. यात जराशी चूक झाली की ठसका लागतो. तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र बरंच वर, पडजिभेच्या जवळ असतं, म्हणून अंगावर पिताना त्याचा श्वास फारसा अडत नाही. वय वाढतं तसं ते खाली सरकतं. घशाची पोकळी लांब होते, वेगवेगळे स्वर काढायला जागा मिळते आणि ठसक्याचा धोकाही वाढतो. जड ओझं उचलताना आपण नकळत श्वास कोंडून धरतो, तोही या स्वरतंतूंच्याच जोरावर. ज्यांचं स्वरयंत्र शस्त्रक्रियेने काढावं लागतं, त्यांना म्हणूनच वजन उचलणंही अवघड जातं.

या यंत्राचा सांगाडा कूर्चांचा. समोरची ढालीसारखी दिसते ती थायरॉइड कूर्चा. मुलगे वयात येताना ती पुढे कोनात वाढते, आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज फुटतो. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू साधारण दोन सेंटिमीटरच्या आत-बाहेर, स्त्रियांचे त्याहून आखूड. बोलताना पुरुषाचे ते सेकंदाला 100 ते 130 वेळा थरथरतात, स्त्रियांचे सुमारे 200 वेळा.

ही थरथर नेमकी होते कशी, यावर विसाव्या शतकातही वाद होता. 1950 च्या सुमारास फ्रान्समध्ये राउल ह्यूसाँ यांनी मांडलं, की प्रत्येक कंपनासाठी मेंदू मज्जातंतूतून स्वतंत्र इशारा पाठवतो. डच संशोधक व्हान डेन बर्ग यांनी 1958 मध्ये वेगळं उत्तर दिलं: मेंदू फक्त स्वरतंतू जवळ आणतो आणि त्यांचा ताण ठरवतो, बाकी काम फुप्फुसातून येणारी हवा करते. मिटलेल्या स्वरतंतूंखाली दाब साठतो, ते उघडतात, हवा निसटते, ते पुन्हा मिटतात. या वादात मला सगळ्यात आवडणारा पुरावा बराच उशिरा, 2012 मध्ये आला. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात नैसर्गिक कारणाने मेलेल्या हत्तिणीचं स्वरयंत्र संशोधकांनी काढून घेतलं आणि खालून हवा सोडली. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, स्नायूंचं आकुंचन नाही. तरीही हत्तींचा तो माणसाला ऐकू न येणारा खोल आवाज त्यातून निघाला.

स्वरतंतूंची खरी करामत त्यांच्या थरांमध्ये आहे. आत स्नायू, वर पातळ आवरण, आणि मध्ये जेलीसारखा मऊ थर. दुधावरची साय हलावी तसं वरचं आवरण स्नायूवर मोकळं सरकतं आणि त्यावरून लाट जाते. ही लाट सलग असेपर्यंत आवाज स्वच्छ. सर्दीत आवरण सुजतं, लाट तुटते, घसा बसतो. सतत ओरडून बोलणाऱ्यांच्या, वर्गभर आवाज पोचवणाऱ्या शिक्षकांच्या स्वरतंतूंवर मध्याच्या आसपास, जिथे टक्कर सगळ्यात जोरात होते तिथे, दोन्ही बाजूंना छोट्या गाठी येतात. त्या कर्करोगाच्या नसतात. आवाजाला विश्रांती आणि बोलण्याच्या पद्धतीत बदल, एवढ्याने त्या बहुधा विरतात. वरचेवर खाकरणं मात्र सोडायला हवं, कारण खाकरताना तेच स्वरतंतू एकमेकांवर आपटतात.

जिवंत माणसाचे चालते स्वरतंतू पाहण्याची वाट एका गायनशिक्षकाने दाखवली. मॅन्युएल गार्सिया यांनी 1854 मध्ये पॅरिसमध्ये दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा स्वतःच्या घशात धरला, हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि गाताना आपलेच स्वरतंतू पाहिले. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी काही वर्षांतच ही पद्धत दवाखान्यात आणली. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून काही मिनिटांत तेच दृश्य पडद्यावर दाखवतात.

ही तपासणी कधी करायची, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. तीन आठवडे उलटूनही आवाज बसलेलाच असेल, तर हळद-मिठाच्या गुळण्यांवर भागवू नये. तंबाखू खाणाऱ्याने, बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर मुळीच नाही. कधी दुखणं स्वरयंत्रात नसतंच. डाव्या स्वरतंतूची नस मेंदूपासून निघून थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि पुन्हा वर गळ्यात येते. या लांबच्या फेरीत फुप्फुसातली गाठ तिच्यावर दाबू शकते, किंवा संधिवाताच्या तापानंतर झडप अरुंद होऊन फुगलेला हृदयाचा डावा कप्पा तिला दाबू शकतो. मग स्वरतंतू लुळा पडतो आणि छातीतल्या आजाराची पहिली खूण आवाजात उमटते.

खुद्द स्वरतंतूवर कर्करोग उगवला, तर मिलिमीटरभर खडबडीतपणानेही लाट बिघडते, म्हणून तो फार लवकर कळू शकतो. या टप्प्यात तो किरणोपचाराने किंवा लेझर शस्त्रक्रियेने दहापैकी जवळपास नऊ जणांत आटोक्यात येतो, आणि बहुतेकांचं स्वरयंत्रही वाचतं. स्वरतंतूंच्या वरच्या भागातला कर्करोग मात्र बराच काळ आवाजाला धक्का लावत नाही. तिथे खुणा वेगळ्या: गिळताना एकाच बाजूला दुखणं, गळ्यात गाठ लागणं, किंवा कान तपासून काहीच सापडत नसताना कान ठणकणं. घसा आणि कान यांना व्हेगस नावाच्या एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, त्यामुळे घशातली कळ मेंदूला कानातली वाटते.