टाकाऊ शेतमालाने सांडपाण्यातील रंग काढणे (खानदेश)

केळीची साल, भुईमुगाची टरफले, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे), लाकडाचा भुसा असा टाकाऊ माल वापरून रंगाईच्या सांडपाण्यातला रंग काढण्याची पद्धत. रंगाचे रेणू कणांच्या पृष्ठभागाला आणि छिद्रांच्या भिंतींना चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. सक्रियित कोळसा (प्रक्रिया करून अतिसच्छिद्र केलेला कोळसा) हे काम उत्तम करतो, पण महाग पडतो.

खानदेशात कच्च्या मालाला तोटा नाही. केळीच्या खोडाला एकदाच घड येतो. तो उतरवला की रावेर-यावल पट्ट्यात खोडांचे ढीग बांधावर पडतात. मात्र खोडात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने वाळल्यावर हाती थोडेच उरते. पऱ्हाटी त्या मानाने कोरडी. वेचणी संपली की ती चुलीत जाते किंवा शेतातच पेटवली जाते.

माल धुऊन, वाळवून, दळून, चाळून घेतात. धुण्यात कसूर झाली तर सालीचाच तपकिरी रंग पाण्यात उतरतो, म्हणजे रंग काढायला जाऊन रंग घालून येणे.

खरी मेख विद्युतभारात आहे. पाणी फार आम्ल नसेल तर वनस्पतिजन्य पदार्थांच्या पृष्ठभागावरील कार्बॉक्सिल गट (आम्लधर्मी अणुगट) ऋणभारित असतात, त्यामुळे धनभारित रंग त्यांना चटकन चिकटतात. प्रयोगशाळेतला नेहमीचा नमुना मेथिलीन ब्लू हा असाच धनभारित रंग. ६६४ नॅनोमीटरजवळ त्याचे प्रकाशशोषण मोजून पाण्यात किती रंग उरला ते काढता येते, आणि निकाल बहुधा देखणे येतात. पण कापूस रंगवायला प्रामुख्याने रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) वापरतात. ते ऋणभारित असतात, शिवाय त्या पाण्यात मीठ आणि सोडाही भरपूर असतो. त्यामुळे कापसाच्या मुलखात मेथिलीन ब्लूच्या यशावरून फार अनुमान काढू नये. अशा पाण्यासाठी एकतर ते आम्ल करून घ्यावे लागते, नाहीतर माल अमोनियम संयुगांनी प्रक्रिया करून धनभारित करावा लागतो. पऱ्हाटीचा सक्रियित कोळसा करणे हा तिसरा मार्ग. पण भट्टी आणि रसायने आली की ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा लागतो.

अधिशोषणाने रंग नष्ट होत नाही, पाण्यातून भुकटीत जातो. मेथिलीन ब्लू धरलेली भुकटी सौम्य आम्लाने धुतली तर बराच रंग सुटतो आणि ती काही वेळा पुन्हा वापरता येते. मात्र त्या धुण्याचे गडद निळे पाणी कुठे सोडायचे, हा प्रश्न उरतोच. निकामी झालेली भुकटी शेतात खत म्हणून टाकू नये.