दुभाष्यासह प्रयोग आणि द्विभाषिक प्रयोग

रंगमंचावर कोणी हातांनी बोलताना दिसले की त्या प्रयोगाला सरसकट ‘बधिरांचे नाटक’ म्हटले जाते. या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन निराळ्या गोष्टी नांदतात. एकीत, ऐकू येणाऱ्या नटांनी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांसाठी बसवलेले नाटक असते. त्याच्या एखाद्या ठरावीक प्रयोगाला रंगमंचाच्या कडेला दुभाषी उभा राहतो आणि उच्चारले जाणारे संवाद सांकेतिक भाषेत सांगत जातो. दुसरीत मुळात नाटकच सांकेतिक आणि उच्चारित अशा दोन भाषांत रचलेले असते, आणि ते रचणाऱ्यांत व साकारणाऱ्यांत बधिर कलावंत असतात. पहिल्याला दुभाष्यासह प्रयोग म्हणता येईल, दुसऱ्याला द्विभाषिक प्रयोग. दोन्ही शब्दांत ‘दोन’ हा आकडा दडलेला असल्यामुळे घोटाळ्यात भर पडते, पण ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे: सांकेतिक भाषेत बोलणारी व्यक्ती काढून घेतली तर काय होईल? पहिल्या प्रकारात दुभाषी ऐनवेळी आला नाही तरी पडदा वर जातो आणि नाटक जसेच्या तसे होते. बधिर प्रेक्षक तेवढे त्याला मुकतात. दुसऱ्या प्रकारात प्रयोगच रद्द करावा लागतो, कारण गैरहजर व्यक्ती कदाचित नायिका असते.

दुभाष्याचे काम हलके आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. नाटकाचा दुभाषी संहिता आधी वाचतो, शक्य असेल तर तालमी पाहतो, श्लेष आणि पद्य यांचे काय करायचे ते ठरवून ठेवतो आणि प्रयोगात एकट्याने पाच-सात पात्रांचे बोलणे पेलतो. कोण बोलत आहे हे दाखवण्यासाठी तो खांद्यांची आणि नजरेची दिशा बदलतो. मात्र त्याची जागा आणि त्याची वेळ, दोन्ही दुसऱ्यांनी ठरवलेल्या असतात. नट बोलल्यावरच त्याला बोलता येते, म्हणून विनोदावर ऐकू येणारे प्रेक्षक हसून झाल्यावर बधिर प्रेक्षकांचे हसू येते. शिवाय दुभाषी एका कोपऱ्यात आणि प्रसंग मध्यभागी घडत असल्याने बधिर प्रेक्षकाला सतत निवड करावी लागते: दुभाष्याचे हात पाहिले तर नटीचा चेहरा हुकतो, चेहरा पाहिला तर वाक्य हुकते. म्हणूनच अशा प्रेक्षकांना दुभाष्याच्या बाजूच्या जागा राखून ठेवतात. एकूण ही सोय आहे, पडद्यावरच्या उपशीर्षकांसारखी, आणि सोय म्हणून ती अत्यंत मोलाची आहे.

द्विभाषिक रंगभूमीचा जन्म सोयीतून झाला नाही. 1880 साली इटलीतल्या मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षणविषयक परिषदेने शिक्षणात सांकेतिक भाषेऐवजी उच्चारावर भर द्यावा असा ठराव केला आणि पुढची कित्येक दशके अनेक देशांतल्या शाळांमधून हातांनी बोलण्यावर बंदी आली. ही भाषा म्हणजे तोडक्यामोडक्या खुणा आहेत असा समज इतका पक्का होता की तिला स्वतःचे व्याकरण आहे हे भाषाअभ्यासक विल्यम स्टोको यांनी 1960 साली अमेरिकी सांकेतिक भाषेच्या अभ्यासातून मांडले तेव्हा बऱ्याच जणांना ते पटेना. या पार्श्वभूमीवर 1967 साली अमेरिकेत ‘नॅशनल थिएटर ऑफ द डेफ’ ही व्यावसायिक नाटक मंडळी उभी राहिली. नेपथ्यकार डेव्हिड हेज हे तिचे संस्थापक, आणि मार्सेल मार्सो यांच्याकडे मूकाभिनय शिकलेले बधिर नट बर्नार्ड ब्रॅग हे तिच्या पहिल्या कलावंतांपैकी एक. सांकेतिक भाषा अशी उघडपणे लोकांपुढे आणण्यालाच तेव्हा उच्चारवाद्यांचा, म्हणजे बधिर मुलांना बोलायलाच शिकवावे असे मानणाऱ्यांचा, विरोध होता.

या मंडळीने जी पद्धत रूढ केली तीच आजही द्विभाषिक प्रयोगाचा कणा आहे. बधिर नट सांकेतिक भाषेत भूमिका करतो आणि त्याच वेळी ऐकू येणारा दुसरा नट रंगमंचावरच राहून त्याचे संवाद उच्चारतो. एकाच नटाने हात आणि तोंड दोन्ही का चालवू नयेत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर भाषेच्या स्वरूपात आहे. सांकेतिक भाषा म्हणजे उच्चारित वाक्यातल्या शब्दांची हातांनी केलेली नक्कल नव्हे. तिचा शब्दक्रम वेगळा आहे, तिच्यात अवकाशाचा व्याकरणासारखा उपयोग होतो, भुवया उंचावल्याने विधानाचा प्रश्न होतो, आणि ज्या गोष्टी जिभेला एकामागून एक सांगाव्या लागतात त्या हात, चेहरा आणि नजर एकाच क्षणी सांगू शकतात. दोन वेगळ्या व्याकरणांची वाक्ये एका देहातून एकाच वेळी काढू गेले की एक भाषा दुसरीला ओढत नेते, आणि बहुतेक वेळा मोडते ती सांकेतिक भाषाच. म्हणून एका पात्राला दोन देह लागतात. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला यावर पार्श्वगायनाची आठवण होईल, पण पार्श्वगायक दिसत नाही आणि त्याने दिसूही नये अशी अपेक्षा असते. इथला आवाज देणारा नट मात्र दिसतो, वावरतो, कधी पात्राच्या मनासारखा मागे उभा राहतो, तर कधी त्याच्याशी नजरानजर करतो.

तालमीत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. दुभाष्यासह प्रयोगाची तालीम दुभाषी येण्यापूर्वीच संपलेली असते. द्विभाषिक नाटकाची तालीम भाषांतरापासूनच सुरू होते, आणि संहितेचे सांकेतिक रूप ठरवण्यासाठी ती भाषा मातृभाषेसारखी जाणणारी बधिर व्यक्ती बसते. यमक असेल तर ध्वनीऐवजी हाताच्या आकारांच्या पुनरावृत्तीतून यमक साधता येते का, ते पाहिले जाते. मग हालचाली येतात. प्रेक्षकांकडे पाठ फिरवणे म्हणजे इथे आवाज बंद होणे. हातात पेला किंवा पत्र दिले की निम्मे बोलणे अडकते, म्हणून वस्तू कधी उचलायची आणि कधी खाली ठेवायची हे संवादाबरोबर ठरवावे लागते. काळोखात कुजबुज ऐकू येते, पण काळोखात सांकेतिक वाक्य पोहोचत नाही. त्यामुळे प्रकाशयोजनाकार हा इथे ध्वनियोजनाकारही असतो. पाठीमागून हाक मारून थांबवण्याचा प्रसंग बधिर पात्राच्या बाबतीत लिहिताच येत नाही. बधिर नटाला संगीताच्या ठोक्यावर प्रवेश करायचा असेल तर सहनटाचा स्पर्श, श्वास, मोजणी किंवा दिव्यातला बारीक बदल हा इशारा म्हणून पेरला जातो, आणि चांगल्या प्रयोगात तो इशारा प्रेक्षकाला पात्रांमधली जवळीक म्हणूनच दिसतो.

लॉस एंजेलिस इथे 1991 साली स्थापन झालेल्या ‘डेफ वेस्ट थिएटर’ने ही पद्धत संगीत नाटकापर्यंत नेली. तिचे ‘बिग रिव्हर’ 2003 मध्ये आणि ‘स्प्रिंग अवेकनिंग’ 2015 मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जर्मनीत घडणाऱ्या या दुसऱ्या नाटकात मोठी माणसे मुलांपासून बोलणेच लपवतात. त्यातली काही मुले बधिर आहेत असे दाखवल्यावर मिलानच्या ठरावाची सावली गोष्टीवर आपोआप पडते. नुसता दुभाषी कडेला उभा करून हा अर्थ नाटकात आणता आला नसता.

मधल्या जागाही आहेत, आणि तिथे आपली कसोटी जरा अडखळते. काही प्रयोगांत दुभाष्यांना कोपऱ्यातून काढून वेशभूषेसह रंगमंचावर आणतात आणि ते आपापल्या नटाच्या सावलीसारखे फिरतात. नजरेची ओढाताण त्यामुळे बरीच कमी होते, पण संवादाचा ताबा अजूनही उच्चारणाऱ्या नटाकडेच असल्याने माझ्या मते हा पहिल्याच प्रकाराचा सुधारलेला अवतार आहे. याच्या उलट उदाहरण मार्क मेडॉफ यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड’ या नाटकाचे. त्यात उच्चार शिकवणारा शिक्षक आणि बोलण्यास नकार देणारी बधिर तरुणी यांची गोष्ट आहे, आणि ती हातांनी जे सांगते ते बरेचसे तोच मोठ्याने बोलून दाखवतो. वरवर पाहता तो दुभाषीच झाला. पण तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हाच नाटकातला संघर्ष असल्याने दुभाष्याचे काम इथे कथानक बनते. तरुणीची भूमिका करणाऱ्या बधिर अभिनेत्री फिलिस फ्रेलिक यांना 1980 साली टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. त्या ‘नॅशनल थिएटर ऑफ द डेफ’च्या सुरुवातीच्या कलावंतांपैकी होत्या.

मूकाभिनयाशी होणारी गल्लत मात्र लवकर निकालात काढता येते. मूकाभिनयात भाषा नसते, म्हणून तो कोणालाही कळतो. सांकेतिक भाषा शिकल्याशिवाय कळत नाही, आणि अमेरिकेची व ब्रिटनची सांकेतिक भाषा, दोन्हीकडे इंग्रजी चालत असूनही, परस्परांना समजत नाहीत.

द्विभाषिक प्रयोगाचा स्वतःचाही एक धोका आहे. आवाज इतका सोयीचा असतो की ऐकू येणारा प्रेक्षक हळूहळू आवाज देणाऱ्याकडेच पाहू लागतो आणि हातांकडे सजावट म्हणून पाहतो. दोन भाषांत बसवलेले नाटक त्याच्यापुरते पुन्हा एकभाषी होते. मार्क ट्वेन यांच्या हकलबरी फिन या मुलाच्या कादंबरीवर बेतलेल्या ‘बिग रिव्हर’मध्ये बधिर नट हकची भूमिका करत होता आणि त्याचा आवाज होता डॅनियल जेन्किन्स यांचा, ते मार्क ट्वेन म्हणून रंगमंचावर वावरत होते, आणि 1985 च्या मूळ प्रयोगात हकही त्यांनीच केला होता. त्या नाटकात एक समूहगीत पुन्हा येते. सगळे कलावंत, बधिर आणि ऐकू येणारे, एकत्र गात आणि हातांनी बोलत असतात, आणि अचानक वाद्ये व आवाज दोन्ही थांबतात. हात थांबत नाहीत. त्याच लयीत, त्याच ओळी, पूर्ण शांततेत पुढे चालू राहतात, आणि मघापासून कानांनी नाटक पाहणाऱ्या माणसाला गाणे कुठवर आले हे कळण्यासाठी आता हातांकडे बघावे लागते.