अभंगातल्या धोकटीत कात्री नाही

संत सेना महाराजांनी आपल्या न्हाव्याच्या धंद्याचं रूपक करून लिहिलेला अभंग महाराष्ट्रात बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, डोई घोळायला पाणी आहे. शेंडी पिळणं, बगला झाडणं, नखं काढणं, सगळं आहे. पण न्हाव्याच्या हत्यारांच्या या पिशवीत, धोकटीत, कात्री मात्र नाही. हा विसरभोळेपणा नव्हे. वारकाचं, म्हणजे न्हाव्याचं, मुख्य काम केस काढण्याचं होतं आणि ते वस्तऱ्याचं. शेंडीचा घेरा राखायचा, बाकी डोकं तुळतुळीत करायचं. त्याबद्दल सुगीला बलुतं मिळायचं. डोक्यावर केस ठेवून त्यांना उतरता आकार देणं ही निराळी विद्या, आणि ती आपल्याकडे बरीच उशिरा आली. ‘हजामत’ आणि ‘कटिंग’ हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो, पण ते मुळात दोन वेगळे धंदे आहेत.

बाजूनं बारीक, वर मीडियम, एका बाजूला भांग हा कट जुना वाटतो, पण युरोपातही त्याला फार मोठी वंशावळ नाही. अठराव्या शतकात तिथले प्रतिष्ठित पुरुष केसांचे टोप घालत किंवा स्वतःच्या लांब केसांवर पावडर टाकत. १७९५ साली ब्रिटनने या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला. ड्यूक ऑफ बेडफर्डने निषेध म्हणून मित्रांसह केसच कापून टाकले आणि त्या आखूड केसांना त्याचं नाव चिकटलं. १८०८ मध्ये ब्रिटिश फौजेतली मागची वेणीही हुकूम काढून बंद झाली. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या उवांनी उरलंसुरलं काम केलं. मान आणि कान मोकळे, टोपीखाली झाकले जातील तेवढे केस वर. आपल्याकडे ‘सोल्जर कट’ म्हणतात ते उगाच नाही.

या कटाला वेग दिला तो मशीननं. आधी हातमशीन आलं. दोन दातेरी पाती, एक स्थिर, दुसरं मुठीच्या दाबानं आडवं सरकणारं. पातं बोथट झालं की ते केस कापण्याऐवजी ओढायचं. मानेवर त्याचा गार लोखंडी स्पर्श आणि मग एकदम बसलेला चिमटा ज्यांनी सोसलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत लिओ वॉल यांनी हातात मावणारं विजेचं मशीन आणलं आणि मुठीचे कष्ट संपले.

हातमशीनचा एक किस्सा गांधीजींनी स्वतःच आत्मकथनात सांगितला आहे. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्यानं केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी मशीन विकत आणलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. पुढचे जेमतेम जमले, मागचे पार बिघडले. कोर्टात मित्रांनी विचारलं, उंदरांनी कुरतडले काय? पण गांधीजींनी दोष त्या न्हाव्याला दिला नाही. आपल्याकडचे न्हावी तरी अस्पृश्यांचे केस कुठे कापतात, असं त्यांनी लिहिलं.

ते खरंच होतं. साताऱ्यात लहानग्या भीमराव आंबेडकरांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची. गावात न्हावी नव्हते असं नाही, पैसे नव्हते असंही नाही. एकही न्हावी हात लावायला तयार नव्हता. सरावानं बहिणीचा हात बसला, हे बाबासाहेबांनीच नोंदवलं आहे. छोट्या कटाचा इतिहास सांगताना बेडफर्डचा ड्यूक आठवतो आणि ही बहीण राहून जाते, हे मला खटकतं.

याच काळात धंद्यातल्या माणसांनीही आपला वस्तरा कुठे चालवायचा हे ठरवायला सुरुवात केली होती. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला.

पुढे शहरांत दुकानं थाटली गेली आणि पाट्या लागल्या, ‘केशकर्तनालय’. कर्तन म्हणजे कापणं, म्हणजे कात्री आता पाटीवरच आली. १९२८ पासून इंग्लंडमध्ये बनू लागलेल्या, केसांना लावायच्या ब्रिलक्रीमनं त्या कटाला चमक दिली. आपला मुंबईकर यष्टिरक्षक फारूख इंजिनिअर त्याच्या जाहिरातीत झळकला. सत्तरच्या दशकात कान झाकणाऱ्या केसांनी हा कट मागे टाकला. आता ‘फेड’ नावानं, म्हणजे खाली बारीक आणि वर हळूहळू वाढत जाणारे केस, तो परत आला आहे.

मशीनवर नंबर आले, एक म्हणजे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, म्हणून काम सोपं झालं असं वाटतं. तसं नाही. मानेपासून मशीन वर चढवताना कवटीचा फुगीर भाग लागला की मनगट बाहेर वळवावं लागतं. सरळ वर नेलं की स्टेप, म्हणजे केसांत पायरीसारखी रेघ, पडते. मग कंगवा उभा धरून, कात्रीचं एक पातं स्थिर ठेवून नुसत्या अंगठ्यानं दुसरं चालवत ती पुसायची. भोवऱ्यावरचे केस थोडे लांबच ठेवायचे, नाहीतर ते उभे राहतात.

शेवटी कारागीर ब्लेड कागदातच मधोमध मोडतो, अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतो, कल्ले सरळ करतो, मानेवरची लव काढतो आणि ओली तुरटी फिरवतो.