बीपीची गोळी आणि नखांवरच्या खुणा

बीपीची गोळी सुरू झाल्यावर नखं बिघडली की संशय गोळीवर जातो. बहुतेक वेळा दोष बुरशीचा, सोरायसिसचा किंवा दिवसभर ओल्या राहणाऱ्या हातांचा निघतो. तरी पट्टी घेऊन नख मोजावंच.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, पायाचं जेमतेम १ ते दीड. नखाच्या बुडाच्या कातडीपासून आडवी खाच ६ मिमीवर असेल, तर ती दोन महिन्यांपूर्वी बाहेर आली; वाढ थबकली ती त्याच्याही काही आठवडे आधी. त्या सुमारास नवी गोळी लागली होती, की डेंग्यूचा ताप आला होता? खाच सगळ्या बोटांवर एकाच पातळीला असेल तरच कारण शरीरभराचं. एकाच नखावर असेल तर बहुधा बोटाला मार बसलेला असतो.

गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकरकडे, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या बीपीच्या गोळ्यांकडे, आधी बघावं: एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल. यांनी बोटांतला रक्तपुरवठा आखडतो. ग्वाल्हेरच्या जानेवारीत, लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या वाड्यांत गार पाण्याने भांडी घासणाऱ्या बाईची बोटं पांढरीफटक पडली, तर थंडीइतकाच या गोळीचाही विचार व्हावा. काहींचा सोरायसिस यांनी उफाळतो: नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खळगे पडतात, नख टोकाकडून सुटतं. हे गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतं, म्हणून संबंध लक्षात येत नाही.

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात प्रश्न उन्हाचा. थायाझाइड गटातली (लघवी वाढवणारी) बीपीची गोळी घेणाऱ्या क्वचित कुणाचं नख उन्हामुळे खालच्या मांसापासून सुटतं. हे औषध बऱ्याचदा दोन औषधं एकत्र केलेल्या गोळीत दडलेलं असतं. टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधाच्या नावापुढे ‘एच’ दिसला तर ते हायड्रोक्लोरोथायाझाइड. पाकिटावरचा बारीक मजकूर वाचाच.

बीटा ब्लॉकर मनाने बंद करू नका. अचानक थांबवल्यास बीपी आणि नाडी उसळते, छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात किंवा दुसरी गोळी देतात. जाताना गोळ्यांची पाकिटं, सुरू केल्याच्या तारखा आणि नखांचे फोटो न्या. नेलपॉलिश आधी काढा. बुरशीची शंका असल्यास नखाचा खरवडा तपासून घ्यावा, अंदाजाने महिनोन्‌महिने बुरशीची औषधं खाऊ नयेत.

एकाच नखावर काळी उभी रेघ रुंदावत असेल, रंग कातडीवर उतरला असेल, तर गोळीचा हिशेब बाजूला ठेवून लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयाची ओपीडीही चालेल.

गोळी बदलल्यावरही जुनं नख सुधारत नाही. बुडाकडून नवं येतं. हाताला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष.