फ्लॉपी डिस्क : अप्रचलित मापे

संगणकावरील माहिती साठवण्यासाठी १९७१ पासून वापरात आलेल्या लवचिक चुंबकीय चकतीची आठ इंची, सव्वापाच इंची आणि साडेतीन इंची ही तीन मापे जगभर रूढ झाली. त्यांच्या बरोबरीने चार, सव्वातीन, तीन, २.८ आणि दोन इंच अशी इतर मापेही बाजारात आली. त्यांतली काही वर्षभरही टिकली नाहीत. काहींनी एखाद्या देशात किंवा एखाद्या यंत्रापुरता चांगला जम बसवला. मराठी वाचकांच्या परिचयाच्या फ्लॉप्या बहुतेक सव्वापाच आणि साडेतीन इंचीच असल्यामुळे बाकीची मापे आपल्याकडे जवळजवळ अज्ञात राहिली. मात्र संगणक उद्योगात एखादे प्रमाण कसे ठरते, हे समजून घ्यायला विजेत्या मापांपेक्षा ही हरलेली मापे अधिक उपयोगी पडतात.

पहिली फ्लॉपी आयबीएमने सिस्टिम/३७० या मोठ्या संगणकांत मायक्रोकोड (यंत्राचे अंतर्गत काम चालवणाऱ्या मूलभूत सूचना) भरण्यासाठी तयार केली. सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९६७ पासून डेव्हिड नोबल यांच्या देखरेखीखाली हे काम चालले होते. आठ इंच व्यासाच्या या चकतीवर सुमारे ८० किलोबाइट माहिती मावे आणि ग्राहकाच्या यंत्राला ती फक्त वाचता येई. सुरुवातीला चकती उघडीच होती. तिच्यावर धूळ बसून वाचनात चुका होऊ लागल्या, तेव्हा आतून न विणलेल्या कापडाचे अस्तर लावलेले प्लॅस्टिकचे पाकीट तिला चढवले. पाकिटात चकती फिरत असताना अस्तर तिला पुसत राही. पुढे कितीतरी मापे आली नि गेली, पण ही युक्ती टिकली. १९७३ मध्ये आयबीएम ३७४० या यंत्रणेबरोबर लिहिता येणारी फ्लॉपी आली आणि तिने पंच कार्डांची जागा घ्यायला सुरुवात केली.

आठ इंची ड्राइव्ह, म्हणजे चकती फिरवून वाचणारे-लिहिणारे यंत्र, टेबलावरच्या संगणकासाठी फारच अवजड होता. वँग लॅबोरेटरीजला आपल्या शब्दप्रक्रिया (मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या) यंत्रांसाठी लहान आणि स्वस्त ड्राइव्ह हवा होता. त्यातून शुगार्ट असोसिएट्सने १९७६ मध्ये सव्वापाच इंची चकतीचा एसए-४०० हा ड्राइव्ह काढला. बारमधल्या कागदी रुमालावरून हे माप घेतले, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ड्राइव्हच्या आराखड्याशी संबंधित असलेल्या जिम अ‍ॅडकिसन यांनी मात्र ती नाकारली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आकार त्या काळच्या टेप कार्ट्रिज ड्राइव्हवरून बेतला होता. काहीही असले, तरी त्या मापामागे चुंबकत्वाचा कोणताही नियम नव्हता. त्यामुळेच त्याहून लहान माप कोणते असावे, हा प्रश्न सर्वांना खुला राहिला. १९८० ते १९८५ या काळात त्याचे उत्तर देण्यासाठी अक्षरशः चढाओढ लागली.

आयबीएमने १९८३ मध्ये चार इंची ‘डेमिडिस्केट’ जाहीर केली. तिची क्षमता ३५८ किलोबाइट होती. खर्च कमी करणे हा तिचा मुख्य उद्देश होता. परंतु ती बाजारात येईपर्यंत दरातला फरक किरकोळ उरला आणि एका कंपनीच्या खासगी मापासाठी जुळणी बदलायला खुद्द आयबीएममधले विभागही तयार होईनात. त्याच वर्षी ती मागे घेण्यात आली. अमेरिकेतच टेबर कंपनीचा ड्राइव्ह आणि डायसनची चकती अशी सव्वातीन इंची जोडी पुढे आली. सीक्वा कमिलियन ३२५ हा सुटसुटीत संगणक ती वापरणाऱ्या मोजक्या यंत्रांपैकी एक. या मापाचाही निभाव लागला नाही.

तीन इंची मापाची कथा अधिक रंगतदार आहे. हंगेरीत बुडापेस्टच्या बीआरजी कारखान्यातील अभियंता मार्सेल यानोशी यांनी कडक कवचातली तीन इंची चकती १९७० च्या दशकातच रचली होती. उत्पादन रेंगाळल्याने तिचा प्रसार झाला नाही. १९८२ च्या सुमारास हिताची, मात्सुशिता आणि मॅक्सेल या जपानी कंपन्यांनी आपली वेगळी तीन इंची फ्लॉपी आणली. तिचे कवच १०० मिलिमीटर लांब आणि ८० मिलिमीटर रुंद होते. हातात घेतली की ती चांगलीच मजबूत वाटते. वाचनाच्या खिडकीवरची झडप कवचाच्या आत दडलेली असते आणि चकती ड्राइव्हमध्ये सरकवली की आपोआप उघडते. चकती उलटी घालून दुसरी बाजू वापरता येते. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिच्या ड्राइव्हची विद्युत जुळणी सव्वापाच इंची ड्राइव्हसारखीच होती, त्यामुळे तोच कंट्रोलर (संगणकातला ड्राइव्ह चालवणारा भाग) चाले.

ब्रिटनच्या अ‍ॅमस्ट्रॅडने हे ड्राइव्ह आपल्या सीपीसी संगणकांत, १९८५ च्या पीसीडब्ल्यू ८२५६ या शब्दप्रक्रिया यंत्रात आणि १९८७ च्या स्पेक्ट्रम +३ मध्ये बसवले. प्रत्येक बाजूवर १८० किलोबाइट मावत. ही यंत्रे खपली, म्हणून तीन इंची चकतीही जगली. मात्र बाकीचे जग दुसरीकडे गेले होते. रिकाम्या चकत्या महाग पडत आणि पुढे तर मिळेनाशा झाल्या.

दुसरीकडे म्हणजे सोनीच्या साडेतीन इंचीकडे. सोनीने १९८० च्या सुमारास पुढे आणलेला मूळ ड्राइव्ह मिनिटाला ६०० फेरे घेई आणि प्रचलित कंट्रोलरशी जुळत नसे. १९८२ मध्ये अनेक उत्पादकांच्या समितीने त्यात फेरबदल सुचवले : ३०० फेरे, ८० मार्ग (चकतीवरची माहितीची वर्तुळे), आपोआप मिटणारी झडप. सोनीने आपला हट्ट सोडून ते मान्य केले. माझ्या मते साडेतीन इंचीच्या विजयाचे खरे कारण ही तडजोड आहे. कडक कवच आणि झडप तीन इंचीकडेही होतीच. ह्यूलेट-पॅकार्डने आधीच हे माप उचलले होते. १९८४ मध्ये अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशमध्ये, १९८५ मध्ये अटारी एसटी आणि अमिगात ते आले आणि १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ मालिकेने १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी घेतल्यावर स्पर्धा संपली.

काही मापे या शर्यतीत कधी उतरलीच नाहीत. मित्सुमीची २.८ इंची ‘क्विक डिस्क’ स्वस्ताईसाठी बनवली होती. तिच्यावर वेगवेगळी वर्तुळे नसून एकच सर्पिल मार्ग असतो. हव्या त्या ठिकाणी उडी मारता येत नाही. एक बाजू सलग वाचायला सात-आठ सेकंद लागतात. रोलँडच्या एस-१० सॅम्पलरला (आवाज साठवून वाजवणाऱ्या वाद्याला) ती पुरेशी होती. निन्टेन्डोने थोडी बदललेली क्विक डिस्क फेब्रुवारी १९८६ मध्ये जपानात आपल्या फॅमिकॉम या व्हिडिओ खेळयंत्राच्या डिस्क सिस्टिमसाठी वापरली. दुकानातल्या यंत्रावर ५०० येन देऊन जुन्या चकतीवर नवा खेळ भरून मिळे. नकली चकत्या रोखण्यासाठी कवचावर कंपनीचे नाव खोलगट अक्षरांत कोरले होते आणि ड्राइव्हमधला उंचवटा त्या खोलगटीत बसल्याशिवाय चकती आत जात नसे. नकलाकारांनी एखादे अक्षर बदलून, तरीही उंचवट्याला जागा ठेवून, यावरही तोड काढली.

दोन इंची चकती सोनीने १९८१ मध्ये मॅव्हिका कॅमेऱ्याबरोबर दाखवली. तीत ५० चित्रे मावत, पण अ‍ॅनालॉग संकेतांच्या रूपात. त्याच व्यासाची, डिजिटल माहितीची ७२० किलोबाइट क्षमतेची चकती झेनिथने १९८९ मध्ये मिनिस्पोर्ट या तीन किलोंहून हलक्या लॅपटॉपमध्ये घातली. यंत्र खरोखर सुबक होते. तथापि कचेरीतल्या दुसऱ्या कोणत्याही संगणकात ती फ्लॉपी जात नसल्यामुळे माहिती केबल जोडून पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जुन्या माहितीचे जतन करताना ही मापे आजही अडचणी उभ्या करतात. अ‍ॅमस्ट्रॅडच्या बऱ्याच तीन इंची ड्राइव्हमधला रबरी पट्टा काळाच्या ओघात सैल किंवा चिकट होतो. तो बदलला की चकत्या बहुधा वाचता येतात आणि जुळणी प्रचलित असल्यामुळे त्या जागी साडेतीन इंची ड्राइव्हही जोडता येतो. क्विक डिस्कला ही सोय नाही. सर्पिल मार्ग वाचण्यासाठी तिचाच ड्राइव्ह आणि वेगळे जोडयंत्र लागते.